लोरेनबाईच्या गोष्टीतला जिना

१

धोंडबांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पहिले दहा दिवस पालथं झोपायचं, तोंड उशीत. आणि सहा आठवडे वाचनाचं नाव काढायचं नाही. पहिली गोष्ट धोंडबांनी मुकाट ऐकून घेतली. दुसरी ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या डाकडब्यात उभं राहून पत्ते वाचले होते, पत्रं लावली होती. निवृत्त झाल्यावरही सकाळी दोन वर्तमानपत्रं आणि दुपारी पुस्तक हा नेम कधी चुकला नव्हता. डावा डोळा तर केव्हाच कामातून गेलेला.

म्हणून सुनेने वाचून दाखवायचं ठरलं. प्रीती धरमपेठेतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. तीन वाजता घरी यायची, चहा करायची, आणि चार वाजता सासऱ्यांच्या खोलीत खुर्ची ओढून बसायची.

घरात ती दोघंच होती. प्रीतीच्या नवऱ्याला, प्रशिकला, जाऊन आठ महिने झाले होते. तो मौद्याच्या वीज प्रकल्पात पाळीवर असायचा. सकाळपाळी करून दुपारी पावणेपाचच्या सुमाराला घरी यायचा. ऑगस्टमधल्या एका बुधवारी तो जिना चढता चढता पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर खाली बसला आणि तिथेच संपला. वय एक्केचाळीस. प्रीती वर तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात होती. संध्याकाळच्या उसळीसाठी तिने कुकरला चणे लावले होते आणि प्लांटची बस आज उशिरा आली असेल असं धरून चालली होती. दुसऱ्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट रिकामे. पन्नास मिनिटांनी पहिल्या मजल्यावरची भूमिका बँकेतून परतली, आणि वर कपडे वाळत घालायला जाताना तिला तो दिसला.

प्रीतीला तेव्हा रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. सगळे म्हणाले, येईल. तिनेही थोडे दिवस वाट पाहिली. मग वाट पाहणंही सुटलं. चहात साखर घातली आहे की नाही हे तिला पिऊन कळत नसे. वर्गात ती शिकवायची, हजेरी घ्यायची, पोरं हसली तर का हसली ते तिला समजायचं; पण हे सगळं तिच्यापासून हातभर लांब, जाड काचेपलीकडे चालल्यासारखं असायचं.

पुस्तक दिलं अबोलीने. दोघी एकाच विभागात. पिवळ्याधमक मुखपृष्ठावर एक काळी बाई डोकं मागे टाकून हसत होती. अबोली म्हणाली की तू सध्या दुसरं काही वाचू नकोस, हे वाच. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय लेखिकेची ताजी कादंबरी आहे, प्रेमकथा आहे, आणि त्यात अशा काही गोष्टी घडतात की घडू शकत नाहीत, पण तिथल्या कोणाला त्याचं काही वाटत नाही.

धोंडबांनी उशीतूनच विचारलं, "कोणाचं पुस्तक हाय?"

प्रीतीने सांगितलं.

"मंग रडाचंच असन," धोंडबा म्हणाले. तरुणपणी, सत्तरच्या दशकात, त्यांनी अनियतकालिकांतून त्या लोकांच्या कवितांचे अनुवाद वाचले होते. काही वहीत उतरवून घेतले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्याईच्या पुस्तकात दुखणं, आपल्याबी पुस्तकात दुखणं. खरंच हाय म्हणा ते. पण प्रेम काहून नाई लिहत कोणी?"

"हे प्रेमाचंच आहे, बाबा."

"मंग वाच."

२

गोष्ट अशी होती. जॉर्जियातल्या एका लहान गावात लोरेन नावाची एकोणचाळीस वर्षांची बाई लॉन्ड्री चालवते. तिच्याकडे धुतलेल्या कपड्यांना साबणाचा वास येत नाही. ज्याचा कपडा, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा वास येतो. कोणाच्या सदऱ्याला नदीचा, कोणाच्या चादरीला तळलेल्या मासळीचा, एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या हातरुमालाला ओल्या खडूचा. गावातले लोक येतात, कपडे नाकाशी धरतात, हसतात आणि घरी जातात. मग ओटिस नावाचा एक बस ड्रायव्हर येतो. त्याच्या सदऱ्यांना कसलाच वास येत नाही. लोरेन दोनदा धुते, तीनदा धुते. काही नाही. आणि ओटिस मात्र दर दोन दिवसांनी न मळलेले सदरे घेऊन हजर.

प्रीती इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायची आणि तोंडाने मराठीत सांगायची. वर्गात सांगते तशी, स्वच्छ, पुस्तकी मराठी. धोंडबा उशीत तोंड घालून ऐकायचे. लोरेनला ते लोरेनबाई म्हणायला लागले. ओटिस धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात मुद्दाम चिठ्ठी विसरला, तेव्हा म्हाताऱ्याची पाठ गदगदा हलायला लागली. प्रीती घाबरून उठली, तर ते हसत होते.

तिलाही पुस्तक आवडलं होतं. हे तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, कॉलेजातून परतताना. लोरेन आता त्या चिठ्ठीचं काय करेल, असा विचार ती करत होती. आठ महिन्यांत तिने 'पुढे काय' असा विचार कशाबद्दलच केला नव्हता.

पाचव्या दिवशी तिने खूण काढून पुस्तक उघडलं तेव्हा धोंडबांनी विचारलं, "तो माणूस कुठवर आला?"

"ओटिस? तो काल दुकानातून घरी गेला ना."

"ओटिस नाई वं. जिन्यावरचा."

प्रीतीने सांगितलं की गोष्टीत जिना नाही. लोरेनचं दुकान बैठं आहे, ओटिसचं घर बैठं आहे.

"तूच तं वाचलं काल," धोंडबा म्हणाले. "परवाबी वाचलं. एक माणूस जिना चढून राहिला. काल सहा पायऱ्या झाल्या त्याच्या."

३

प्रीतीने याला कारणं शोधली आणि ती मिळालीही. एक तर वय शहात्तर. त्यात डोळ्यांचे थेंब दिवसातून सहा वेळा, झोपेची अर्धी गोळी, आणि चोवीस तास पालथं पडून राहणं. उशीत तोंड घालून पडलेल्या माणसाला मधूनच डुलकी लागत असेल, आणि डुलकीत जे दिसलं ते गोष्टीत मिसळत असेल. तिने त्या रात्रीच्या थेंबांच्या वेळी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने काल वाचलेली पानं पुन्हा चाळली. चौतीस ते चाळीस. जिना नव्हता.

तिने ते पुस्तक बंद केलं आणि मग तिच्या मनात आलं की ही फक्त सात पानं आहेत.

सात पानांना किती वेळ लागतो? सावकाश, भाषांतर करत, पाऊण तास. ती चारला बसली होती. उठली तेव्हा सहाला दहा कमी होते, कारण खाली दूधवाला आला होता. तिने आठवून पाहिलं. रोजच दूधवाला आल्यावर ती उठत होती. रोज सात, आठ पानं. मधला तासभर कुठे जात होता ते तिला सांगता येईना. गप्पा झाल्या असतील म्हणावं, तर ती दोघं गप्पा मारतच नसत.

कॉलेजात तिने अबोलीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की या पुस्तकात पुढे कुठे जिना चढणारा माणूस येतो का. अबोलीने पुस्तक दोनदा वाचलं होतं. ती म्हणाली, नाही गं, त्या गावात दुमजली घरच नाही एकही. आणि मग कौतुकाने विचारलं, आवडून राहिलं ना? प्रीती हो म्हणाली. ते खरंही होतं.

त्या दुपारी धोंडबांचे पालथं झोपण्याचे दिवस संपले. ते उशाला टेकून बसले, ऑपरेशनच्या डोळ्यावर पांढरी जाळीदार टोपी. प्रीतीने वाचायला सुरुवात करण्याआधी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन खुर्चीखाली सरकवून ठेवला. आपण हे कोणाला खोटं पाडायला करतो आहोत, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. मग तिने वाचायला घेतलं. लोरेनबाईने ओटिसला विचारलं की तुझ्या आयुष्यात एकही चांगला दिवस नाही का, आणि ओटिस म्हणाला, होते, पण ते ज्यांच्याबरोबर होते त्यांच्याबरोबर गेले. पान उलटलं. दूधवाल्याची घंटी वाजली.

४

रेकॉर्डिंग तिने दुसऱ्या दिवशी ऐकलं, मोकळ्या तासाला, रिकाम्या वर्गात खिडकीशी बसून. बाहेर कडक ऊन होतं, मैदानात कोणी नव्हतं. एक तास सेहेचाळीस मिनिटं.

पहिली अडतीस मिनिटं तिचाच आवाज, ओटिस, लोरेन, सदरे. पान उलटल्याचा आवाज. आणि मग तिचाच आवाज पुढे चालू राहिला, त्याच पट्टीत, त्याच संथपणे, फक्त भाषा पुस्तकी राहिली नव्हती.

"मी चढून राहिलो. कठड्याले हात लावला तं कठडा गरम हाय. डब्याची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. तेरा. दम लागून राहिला. चौदा."

प्रीतीने फोन थांबवला. मागे नेला. पुन्हा लावला.

आवाज तिचा होता. तिचा घसा, तिचं नाकातून श्वास घेणं. पण ती बाई 'मी चढून राहिलो' म्हणत होती. चढून राहिले नाही. राहिलो. वर्गात व्याकरण शिकवणाऱ्या प्रीतीला सगळ्यात आधी तेवढंच खटकलं. हे चुकलं आहे, असं तिला वाटलं. भीती वगैरे नंतरची गोष्ट, आणि तीही आली नाही.

प्रत्येक पायरी अशीच होती. दोन पायऱ्यांमध्ये आठ-दहा मिनिटं नुसता श्वास. आणि त्या श्वासांच्या मागे, लांब कुठेतरी, कुकरची शिट्टी. एक. बऱ्याच वेळाने दुसरी. काल दुपारी तिने कुकर लावला नव्हता. शेजारी कोणी लावला असेल, असं ती स्वतःला म्हणाली, आणि लगेच तिला आठवलं की त्यांच्या मजल्यावर शेजार नाही.

अधूनमधून धोंडबांचा आवाज यायचा, लहान मुलाने गोष्टीत विचारावं तसा हळू. "मंग?"

आणि तिचा आवाज उत्तर द्यायचा. "मंग पंधरा."

एकोणीसपर्यंत येऊन रेकॉर्डिंगमध्ये घंटी वाजली. खुर्ची सरकली. तिचा नेहमीचा आवाज म्हणाला, "दूध आलं वाटतं, बाबा." अगदी साधा. मधे काही झालंच नाही अशा थाटाचा.

५

घरी आल्यावर तिने चहा केला नाही. सरळ धोंडबांसमोर बसली आणि म्हणाली की आजपासून पुस्तक बंद. तिने रेकॉर्डिंगचं सांगितलं. ऐकवलं मात्र नाही.

धोंडबा उशीवर जरा सरळ बसले. मग त्यांनी विचारलं, "किती झाल्या?"

"एकोणीस."

"सत्तावीसव्यावर वळण हाय," ते म्हणाले.

प्रीतीला ते माहीत होतं. त्या वळणावरून ती आठ महिने रोज दोनदा जात होती.

"मी तुले एक गोष्ट सांगतली नाई," धोंडबा म्हणाले. मांडीवरच्या चादरीची कड ते बोटांनी सारखी करत होते. "त्या दिवशी मले ऐकू आलं होतं. मी ह्याच खोलीत होतो, दार उघडं होतं. प्रशिकचे पाय मी ओळखतो. खालून आला. पहिला मजला झाला. मंग थांबला. मले वाटलं, भेटला असन कोणी, बोलून राहिला असन. मी पुस्तकात होतो वं. एक पान, दोन पानं. मंग मी इसरूनच गेलो."

प्रीती ऐकत होती. आपल्याला आता काहीतरी व्हायला पाहिजे, राग तरी यायला पाहिजे, असं तिला दिसत होतं. तिने हात पुढे करून म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला. हात ठेवल्याचं तिला दिसलं.

"मी पण आतच होते, बाबा."

"म्हणून म्हणतो. मधात नको सोडू त्याले. आणखी आठ पायऱ्या आन् वळण. मंग मी जातो खाली."

तिने नाही म्हटलं. पुस्तक कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं.

चार दिवस गेले. धोंडबांनी हट्ट केला नाही. फक्त त्यांचं जेवण सुटत गेलं. आधी भाकरी, मग भात, मग नुसतं वरणाचं पाणी. दुपारी चार वाजले की ते भिंतीला धरून धरून बैठकीत येत, दाराजवळची खुर्ची घेत आणि बंद दाराकडे तोंड करून बसत. डोळ्यावर ती पांढरी टोपी. बाहेर जिन्यात काही आवाज नसायचा. प्रीतीही ऐकायची. खरंच काही नसायचं.

पाचव्या दिवशी तिने पुस्तक बाहेर काढलं, पण स्वतःसाठी. शेवटच्या चाळीस पानांत काय आहे ते एकदा पाहून टाकू, मग अबोलीला परत देऊन टाकू. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती उभ्यानेच मनात वाचायला लागली. ओटिस दोन महिने आलाच नाही. मग एका सकाळी लोरेनने दुकानात पडून राहिलेला त्याचा सदरा उगाच नाकाशी धरला, आणि त्याला वास येत होता. तिच्याच दुकानाचा. गरम इस्त्रीचा, खळीचा, तिने रोज केलेल्या कॉफीचा. सदरा हातात घेऊन ती तशीच रस्त्यावर धावत सुटली, आणि बसथांब्यावरचे सगळे लोक बाजूला झाले, कारण गावातल्या सगळ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

प्रीती हसली. गालाला ताण पडल्याचं तिला जाणवलं इतकं ते नवं होतं.

"मोठ्यानं वाच वं," बैठकीतून धोंडबा म्हणाले. "ऐकू येऊन राहिलं, पण बरोबर नाई समजत."

तिचे ओठ मिटलेले होते. तिने बोटांनी चाचपून पाहिले.

"वीस झाल्या," धोंडबा म्हणाले.

६

त्या रविवारी तिने ठरवलं की एकदाच वाचायचं आणि संपवायचं. तिने पुष्कळ विचार करून ठरवलं होतं. शेवटचं प्रकरण बावीस पानांचं, म्हणून सव्वादोनलाच वाचायला बसायचं. प्रत्येक ओळीखाली बोट धरायचं. पुस्तकातलं वाक्य सोडून एक शब्द बोलायचा नाही. पावणेपाचचा गजर लावायचा. दाराला वरची कडी, खालची कडी. पुस्तक संपलं की गोष्ट संपली, असं तिला वाटत होतं. गोष्ट संपल्यावर त्या गोष्टीत कोणी कुठे चढणार?

आणि म्हाताऱ्याला जेवण जायला पाहिजे होतं. ते एक होतंच.

धोंडबा बैठकीतल्या दिवाणावर बसले. प्रीती समोर खुर्चीवर, तिच्या उजव्या हाताला दार. कूलरची घरघर चालू होती. पडद्याच्या फटीतून एप्रिलचं ऊन फरशीवर आडवं पडलं होतं. तिने वाचलं. लग्न लॉन्ड्रीतच झालं. सगळ्या गावाने आपापल्या चादरी आणल्या, आणि त्या दोऱ्यांवरून सुटून छताशी जाऊन तरंगायला लागल्या, आणि त्यांच्याखाली लोक नाचले, कोणी वर पाहिलंसुद्धा नाही. धोंडबा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "चांगलं केलं लोरेनबाईनं." तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. एकही ओळ सुटली नाही, याची तिला खात्री होती. शेवटचं वाक्य आलं. ते तिने दोनदा वाचलं.

मग तिने घड्याळ पाहिलं. चार वाजून एकोणचाळीस मिनिटं. बावीस पानांना लागावा बरोबर तेवढाच वेळ गेला होता. तिने पुस्तक मिटलं. संपलं, असं ती म्हणणार होती.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

ती उठून गेली. शेगडी बंद होती. कुकर मांडणीवर पालथा घातलेला, कोरडा. परत येते तो धोंडबा दाराजवळ उभे होते आणि वरची कडी त्यांच्या हाताला येत नव्हती.

"बाबा, बसा."

"तो थांबला," धोंडबा म्हणाले. "वळणावर थांबला. तुले नाई आलं ऐकू?"

तिला ऐकू आलं नव्हतं. तिने त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, नुसती मान तिच्याकडे वळवली.

"कडी काढ वं. मागच्या टाईमले बी आपण दोघं आतच होतो."

प्रीतीने कडी काढली.

तिला सोबत जायचं होतं. पण ते म्हणाले की तू इथंच थांब, दार उघडं ठेव. कठड्याला धरून ते उतरले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. दुसरा मजला. मग दिसेनासे झाले. त्यांच्या रबरी चपलांचा आवाज वळणापर्यंत गेला आणि थांबला. काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. मग चपला परत वर यायला लागल्या.

उंबऱ्यात उभी राहून ती ऐकत होती. चपला. आणि चपलांच्या मधे दुसरे पाय. जड, बुटातले, एकाला दुसरा लावून घेणारे.

धोंडबा वरच्या वळणावर दिसले. ते एकटेच होते. त्यांचा डावा हात उंच उचललेला होता, आपल्याहून उंच माणसाच्या खांद्यावर टाकावा तसा, आणि उजवा खांदा खाली गेलेला. उन्हात त्यांचं मनगट तिला स्पष्ट दिसलं. कातडीवर चार खळगे पडले होते. आत दाबलेले, पांढरे. कोणीतरी घट्ट धरलेलं असावं तसे. ते पायरीगणिक थोडे हलत होते.

ती दारातून बाजूला झाली. दोन माणसांना पुरेल इतकी.

७

धोंडबांनी त्याला दिवाणावर बसवलं आणि शेजारी बसले. गादी त्यांच्या बाजूला खाली गेली. मग दुसऱ्या बाजूलाही गेली, त्यांच्यापेक्षा खोल, आणि चादरीला तिथपर्यंत चुणी पडली. कूलर चालू होता तरी खोलीतली हवा थांबल्यासारखी झाली. धोंडबांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे प्रीतीने आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते म्हणाले की थकला आहे, जरा बसू दे, मग पाणी दे. आणि तू वाच, त्याने लोरेनबाईची गोष्ट पहिल्यापासून ऐकलेली नाही.

प्रीतीने पुस्तक उघडलं. तिने दिवाणाच्या त्या बाजूकडे पाहिलं नाही. इतके दिवस जे हरवलं होतं ते आता आपल्याला सापडावं, निदान एकदा त्याच्या नावाने हुंदका यावा, याची ती वाट पाहत होती. काही येत नव्हतं. ती पहिल्या पानावरून वाचायला लागली. लोरेन दुकान उघडते. पहिलं गिऱ्हाईक येतं.

धोंडबांनी शेजारचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. ते तो कुरवाळत होते. मग कुरवाळणं हळू झालं. त्यांचा अंगठा एका जागी थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला; डाकडब्यात अंधारात पिशवीची गाठ चाचपणाऱ्या माणसासारखा. त्यांनी दुसरा हात वर नेला आणि त्या हाताने हवेत काहीतरी, कपाळाच्या उंचीवरचं, सावकाश वरून खाली चाचपलं.

हात खाली आला.

"वाचत राय," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा, गोष्टीच्या मधे हुंकार द्यावा तसा. "थांबू नको."

ती वाचत राहिली.

"प्रीती," त्याच आवाजात ते म्हणाले, "हा आपला प्रशिक नोहे वं."

गादीवरचा खोलगा तिच्या दिशेला सरकला. प्रीतीच्या अंगात आठ महिने नसलेलं काहीतरी परत आलं, आणि ती भीती होती हे तिने ओळखलं. तिने बोट ओळीवर घट्ट दाबून धरलं आणि मोठ्याने वाचायला लागली. लोरेनने पहिला सदरा नाकाशी धरला, असं त्या ओळीत लिहिलेलं होतं. ते तिला दिसत होतं.

"मी बसून राहिलो," तिचा आवाज म्हणत होता. "मी ऐकून राहिलो."